खर्जाची किंमत
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

"सहा तारांची सोडून चार तारांची? दोन तारा कमी अन् पैसे जास्ती, ह्यो कुठला हिशेब?"

बेस गिटार घेण्याचा विषय मी घरी काढला तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलेला हा पहिला प्रश्न. मला उत्तर देता आले नाही. पुढे सहा महिने मी त्याच प्रश्नाचे उत्तर शोधत होतो असे म्हटले तरी चालेल. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. दादांना ते तोंडी सांगून झाले आहे. आता मित्रांना आणि प्राध्यापक मंडळींना लिहून सांगतो.

आपल्या वार्षिक अंकात दरवर्षी पावसावर कविता येतात, सहलींची वर्णने येतात. खरेदीवरचा लेख वाचल्याचे मला आठवत नाही. परंतु माझ्यासारख्याच्या घरात, जेथे कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला, तेथे पुस्तकाखेरीज दुसरी कोणतीही वस्तू घेणे ही घरातल्या चार माणसांनी बसून ठरवावयाची गोष्ट असते. तेव्हा खरेदीवर विचार करणे यात मला काही कमीपणा वाटत नाही.

माझे मत प्रथमच सांगून टाकतो. घरी बसून मेटल संगीत मुद्रित करावयाचे असेल तर महाग बेस गिटारची गरज नाही. मात्र सर्वांत स्वस्त वाद्य घेणे हे सर्वांत महाग पडते. या दोहोंमधली जागा जाहिरात पाहून सापडत नाही. आपले घर कसे आहे, वीज कशी आहे आणि आपले गाणे कोण कशावर ऐकणार, याचा विचार केला की ती सापडते.

ज्यांना बेस म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आमचे आजोबा येडगावच्या भजनात मृदंग वाजवीत. भजनाला बसण्यापूर्वी ते कणीक मळून मृदंगाच्या डाव्या पुडीवर थापीत. लहानपणी मला वाटे, भाकरी-पोळीचे पीठ असे का वाया घालवायचे? एकदा मी विचारले तेव्हा त्यांनी कणीक खरवडून काढली आणि वाजवून दाखवले. आवाज आला, पण रिकाम्या डब्यासारखा. कणकेच्या वजनाने त्या पुडीचा सूर खाली उतरतो, आणि त्या खालच्या सुरावर टाळ, वीणा आणि गाणाऱ्यांचे गळे उभे राहतात. बेस गिटारचे काम हेच आहे. साध्या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. बेसची सर्वांत जाड तार सुमारे ४१ वेळा. म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. आपल्या भाषेत बोलायचे तर तो खर्ज आहे.

खर्जाचा दुसरा धडा मला नारायणगावच्या परिसरात मिळाला. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. चैत्रातल्या यात्रांसाठी फड ठरवायला गावोगावची माणसे तेथल्या राहुट्यांत येतात. यात्रांच्या हंगामात मी एका मंडप-साउंडवाल्याकडे रोजावर स्पीकर उचलायला जात असे. तेथे एक गोष्ट ध्यानात आली. स्टेजपासून दूर, पार शिवारातल्या बांधावर जाऊन उभे राहिले की गाण्याचे शब्द कळत नाहीत, परंतु ढोलकीची थाप छातीवर येते. उंच सूर वाऱ्यात विरतात, खालचे सूर लांब जातात. ज्याच्याकडे कोणी पाहात नाही तेच सर्वांत लांब पोहोचते, हे मी तेव्हा शिकलो.

आता कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण मेटलच कशाला? ते तर परक्यांचे आरडाओरडीचे संगीत. या आक्षेपाला मी दोन उत्तरे देतो. पहिले असे की, हार्मोनियमही परकीयच होती. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती उठण्यास १९७१ साल उजाडले. आज पेटीवाचून आपले कीर्तन उभे राहात नाही. वाद्य कोठून आले यापेक्षा ते कोणाच्या हाती आले हे महत्त्वाचे. दुसरे असे की, मेटल हे बंगल्यातल्या मुलांचे संगीत म्हणून जन्माला आले नाही. १९७० साली ज्यांची पहिली तबकडी निघाली त्या ब्लॅक सॅबथ गटातील मुले इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातील कामगार वस्तीतली. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात तुटली. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणे केली आणि वाजवणे सोडले नाही. पुढे त्या गटाने तारा ढिल्या करून सूर खाली उतरवले. ज्या जडपणासाठी हे संगीत प्रसिद्ध आहे त्याचे मूळ एका कामगाराच्या दुखावलेल्या हातातही आहे. आणि आपल्याकडचेच पाहावयाचे तर मुंबईत २००० साली साहिल मखीजा याने डेमॉनिक रेझरेक्शन हा गट सुरू केला; त्यांच्या २०१७ च्या 'दशावतार' या अल्बममध्ये मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गाणे आहे. आमच्या आजोबांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग आवाज येवढा का करत्यात?" त्यावर मी म्हणालो, "नरसिंह खांबातून निघाला तेव्हा हळूच निघाला होता का?" आजोबा हसले, एवढेच.

आता मूळ विषयाकडे वळतो, आणि वळताना माझी फजिती सांगतो. पहिल्या खेपेस मी एक बेस न पाहता, केवळ फोटो पाहून, सर्वांत कमी किमतीला मागवली. साडेसहा हजार रुपये. टोमॅटोच्या बागेत बांधणी-तोडणी करून आणि स्पीकर उचलून साठवलेले. तुम्हांला आठवत असेल, २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या टोमॅटो क्रेटला दोन हजारांवर भाव मिळाला आणि जुन्नर तालुक्याचे नाव देशभर झाले. आमचा तोडा मात्र भाव उतरल्यावर सुरू झाला! तेव्हा साडेसहा हजार म्हणजे काय हे मला कोणी सांगावयास नको. वाद्य आले ते दिसायला काळेभोर, झकास. पण नेक पिळलेली होती. खालच्या बाजूला सूर जुळवावा तर वर बाराव्या फ्रेटपाशी तो बेसूर होई. तीन ठिकाणी तार फ्रेटला घासून करकरत असे. पुण्यातल्या एका कारागिराने हातात घेऊन सांगितले, "ही सरळ होणार नाही." ते वाद्य आज आमच्या माळ्यावर आहे. दादा त्याबद्दल काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

त्यावरून पहिला नियम शिकलो: वाद्य हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नारायणगावहून पुणे पाऊणशे किलोमीटर. एसटीचे भाडे हा खर्च नव्हे, तो विमा आहे. दुकानात गेल्यावर रंग पाहू नये. डोळ्यासमोर नेक धरून ती सरळ आहे का पाहावे. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवून कोठे करकर होते का ऐकावे. मोकळी तार आणि तिचाच बारावा फ्रेट यांत नेमके एका सप्तकाचे अंतर येते का, हे मोबाइलवरच्या ट्यूनरने तपासावे. आवाजाची बटणे फिरवून खरखर ऐकावी. एवढे केले तर निम्म्या चुका दुकानातच टळतात.

दुसरा प्रश्न लांबीचा. बेसच्या तारेची प्रचलित लांबी ३४ इंच. लिओ फेंडर याने १९५१ साली आणलेल्या प्रिसिजन बेसपासून ती रूढ झाली. ३० इंची आखूड बेसही मिळतात, हाताला सोप्या असतात, बोटे लहान असणाऱ्यांना त्या आवडतात. परंतु मेटलमध्ये सूर आणखी खाली उतरवतात, आणि आखूड लांबीवर सैल तार दोरीसारखी लोंबते. तेव्हा आपल्या कामास ३४ इंच बरी.

तिसरा प्रश्न चार तारा की पाच. दुकानदार पाच तारांची पुढे करतो. माझे मत असे की, पहिल्या वाद्याला चार तारा पुरेत. त्याच पैशांत चार तारांचे वाद्य सहसा अधिक नीट बांधलेले मिळते. गाणी एक-दोन स्वर खाली उतरवलेली असतील तर जरा जाड तारांचा संच लावावा. फार खाली, पाच तारांच्या बेसच्या खालच्या तारेपर्यंत जायचे असेल, तर पाच तारांच्या संचातील जाड चार तारा चार तारांच्या बेसलाही लावता येतात. फक्त नटच्या खाचा कारागिराकडून कानशीने रुंद करून घ्याव्या लागतात.

चौथा प्रश्न पिकअपचा, आणि खेड्यातल्या माणसाला हाच सर्वांत महत्त्वाचा. एकेरी गुंडाळीचा पिकअप विजेची घरघर पकडतो. १९५७ पासून प्रिसिजन बेसवर जो दोन तुकड्यांचा पिकअप येऊ लागला, त्याचे दोन तुकडे एकमेकांची घरघर खोडून काढतात. ज्याच्या घरी अर्थिंगची खात्री नाही त्याने असा दुभंगलेला पिकअप किंवा हंबकर असलेले वाद्यच घ्यावे. काही वाद्यांत हा एक आणि पुलाजवळ एकेरी असा दुसरा असतो. ते उत्तम, कारण हवे तेव्हा दुसरा बंद करता येतो.

पाचवा प्रश्न ॲक्टिव्ह की पॅसिव्ह. ॲक्टिव्ह वाद्यात नऊ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली की आवाज फाटतो किंवा अजिबात बंद पडतो. पॅसिव्ह वाद्याला बॅटरी लागत नाही. घरी मुद्रण करताना आवाजाची सारी घडण पुढे संगणकावर करता येते, त्यामुळे पहिले वाद्य पॅसिव्ह असले तरी काही अडत नाही.

नावे विचाराल तर यामाहाची टीआरबीएक्स १७४, कोर्टची ॲक्शन पीजे आणि स्क्वायरची सॉनिक प्रिसिजन ही या कसोट्यांना उतरणारी वाद्ये आहेत. तिन्ही चार तारांची, ३४ इंची आणि पॅसिव्ह. आयबानेझची जीएसआर २०० हीही पुष्कळांच्या हाती दिसते. तिच्यात खर्ज वाढवणारे बॅटरीचे बटण आहे एवढा फरक. नवी घ्यावयाची तर यांच्या किमती वीस हजारांच्या आगेमागे फिरतात. वापरलेली मिळाली तर पुष्कळ कमी पडते, आणि माझ्या मते विद्यार्थ्याने वापरलेलीच घ्यावी. चांगली नेक चार वर्षे सरळ राहिली असेल तर पुढेही राहण्याचा संभव अधिक.

दुसऱ्या खेपेस माझ्याजवळ चोवीस हजार रुपये होते. त्यांतले सगळे मी वाद्यावर घातले नाहीत, आणि हेच मला मुख्यत्वे सांगावयाचे आहे. पुण्यातल्या एका विद्यार्थ्याकडून वापरलेली बेस घेतली, साडेचौदा हजारांना. नव्या तारा आणि कारागिराकडून जुळणी, अडीच हजार. वाद्याचा आवाज संगणकात नेणारी छोटी पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, पाच हजार. कानावरचे हेडफोन, केबल आणि पट्टा, दोन हजार. संगणक म्हणाल तर अभ्यासासाठी घेतलेला जुना लॅपटॉप घरी होता. ॲम्प्लिफायर घेतलाच नाही. घरी मुद्रण करणाऱ्यास तो लागत नाही. बेस सरळ इंटरफेसच्या वाद्यासाठी असलेल्या तोंडात जाते, आणि ॲम्प्लिफायरचे काम संगणकातला कार्यक्रम करतो. असे कार्यक्रम फुकटही मिळतात, आणि ऑडॅसिटीसारखे मुद्रणाचे साधनही फुकट आहे. बावीस हजारांची बेस आणि जुन्या गंजक्या तारा यांपेक्षा साडेचौदा हजारांची बेस आणि नव्या तारा केव्हाही सरस.

येथे घराचा विचार येतो. आमच्या दोन खोल्यांत पाच माणसे राहतात. रात्री बिबट्याच्या भीतीने दार लावून बसावे लागते. तोच माझा मुद्रणाचा वेळ. हेडफोनमुळे कोणाची झोप मोडत नाही, तारांची टिकटिक तेवढी ऐकू येते. पहिल्या रात्री मात्र हेडफोनमध्ये बेसपेक्षा घरघरच जास्त होती. शोध घेता घेता कळले की लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण केले की निम्मी घरघर जाते. ट्यूबलाइट बंद केली की आणखी कमी होते. मोबाइल पिकअपपासून दूर ठेवावा. आणि तारेला हात लावताच मुंग्या येत असतील तर संगीत बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवावे. तो घरघरीचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

आपल्या तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. ती येथे उभारण्याचे एक कारण असे की, माणसाने केलेला रेडिओ गोंगाट या भागात कमी होता. आकाशातला क्षीण आवाज ऐकायचा तर आधी आपला गोंगाट आवरावा लागतो. मी कला शाखेचा विद्यार्थी, मला ते शास्त्र कळत नाही. पण ट्यूबलाइट बंद करून अंधारात बसल्यावर त्यातले तत्त्व कळले.

आता ऐकणाऱ्याचा विचार. आपले गाणे बहुतेक जण मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर ऐकणार. त्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा सूर बाहेर पडतच नाही. मग बेस ऐकू येणार कशी? ती तिच्या वरच्या उपस्वरांमुळे ऐकू येते. म्हणून मेटलमध्ये बेस नव्या, चकचकीत तारांवर, पुष्कळदा पिकने वाजवतात आणि तिच्यावर थोडी धार चढवतात. मी एकच वादन दोन मार्गांवर ठेवतो: एकावर स्वच्छ खर्ज, दुसऱ्यावर सुमारे दोनशे कंपनांखालचा भाग कापून उरलेल्यावर खरखरीत धार. पहिला हेडफोनवाल्यांसाठी, दुसरा मोबाइलवाल्यांसाठी. या युक्तीला पैसे पडत नाहीत, आणि महागड्या वाद्यालाही ती करावीच लागते.

बेस ऐकू न येणे ही केवळ गरिबांची अडचण नाही. मेटॅलिका या जगप्रसिद्ध गटाचा जुना बेसवादक क्लिफ बर्टन १९८६ साली बस अपघातात गेला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडची बेस त्यांच्या १९८८ च्या अल्बममध्ये जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि त्याबद्दल रसिक अजून हळहळतात. तेथे पैसा होता, उत्तम वाद्य होते, स्टुडिओ होता. खर्जाला जागा देण्याचे तेवढे राहून गेले. यावरून वाद्याच्या किमतीचा आणि वाद्य ऐकू येण्याचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही, हे उघड आहे.

माझे मित्र म्हणतात, आता संगणकच बेस वाजवतो, मग विकत कशाला घ्यायची? मी स्वतः ढोल-ताशांचा, म्हणजे ड्रमचा, भाग संगणकावरच करतो, कारण ड्रम ठेवायला घरात जागा नाही. तेव्हा यंत्राला मी नावे ठेवणार नाही. पण गाण्यात निदान एक वाद्य असे असावे की जे चुकू शकते. बोटांना घट्टे पडतात, ताल निसटतो, पुन्हा वाजवावे लागते. त्यातून जे शिकायला मिळते ते बटण दाबून मिळत नाही.

आणि याहून कठीण प्रश्न, जो कोणी तोंडावर विचारीत नाही: शिकायला पाठवलेल्या पोराने यावर चोवीस हजार घालावेत काय? मला वाटते, फीचे आणि पुस्तकांचे पैसे बाजूला ठेवून, स्वतः मिळवलेल्या पैशांतून, नीट विचार करून घालावेत. विचार न करता घातलेले साडेसहा हजार ही उधळपट्टी होती. विचार करून घातलेले चोवीस हजार ती नाही.

दिवाळीत पहिले गाणे पुरे झाले. मी दादांच्या कानाला हेडफोन लावला. गाणे त्यांना आवडले नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. मग मी मधेच बेस बंद केली. त्यांनी लगेच हेडफोन चाचपला आणि म्हणाले, "आरं, काय काढलंस? भुई सरकल्यावानी झालं." दोन तारा कमी आणि पैसे जास्त, या हिशेबाचे उत्तर त्यांना मिळाले. मलाही.

शेवटी एक सूचना. आपल्या कॉलेजात निदान पाच-सहा विद्यार्थी घरी गाणी करतात, आणि प्रत्येकाला चोवीस हजार जमवणे शक्य नाही. सांस्कृतिक विभागाने एक साधी बेस आणि एक इंटरफेस घेऊन, ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे आठवड्याच्या मुदतीने नोंदवून द्यावा. हार्मोनियम आणि तबला आपल्याकडे आहेतच. त्यांच्या शेजारी खर्जालाही एक कोपरा मिळावा. तोवर ज्यांना वाद्य घ्यायचे आहे त्यांनी शनिवारी मला भेटावे. मी माझी बेस घेऊन येईन, आणि माळ्यावरचीही आणीन. नेक सरळ कशी ओळखावी हे दोन्ही शेजारी शेजारी धरल्यावर पाच मिनिटांत कळते.